जुन्या जीपचं इंजिन उतरवताना

इंजिन बदलायचं म्हटलं की जो तो येणाऱ्या इंजिनाचीच चौकशी करतो. कुठून आणलं, केवढ्याला पडलं, ॲव्हरेज काय देईल. जुनं कसं उतरवलं हे कुणी विचारत नाही. चार बोल्ट खोलायचे, साखळी बांधायची आणि ओढून काढायचं, असा सगळ्यांचा समज. आमच्या जीपचं इंजिन उतरलं तेव्हा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मिस्त्रीच्या हाताखाली उभा होतो. नवीन इंजिन कसं बसणार हे जुनं कसं निघालं त्यावर ठरतं, असं माझं आता पक्कं मत झालंय. मराठवाड्यात अजून बऱ्याच वाड्या-वस्त्यांवर जुन्या महिंद्रा जीपा उभ्या आहेत. त्यांच्या मालकांना उपयोग व्हावा म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गाडी महिंद्रा एमएम 540, आण्णांनी 1991 साली घेतलेली. इंजिन प्यूजोच्या घराण्यातलं एक्सडीपी 4.90, चार सिलिंडरचं, 2112 सीसीचं डिझेल. आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. कापूस, सोयाबीन, खताची पोती, बाळंतपणाला निघालेल्या बाया, सगळं या गाडीनं वाहिलं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गावानं गोळा केलेल्या भाकरी आणि घोंगड्या घेऊन आण्णा याच गाडीनं तिकडं गेले होते. त्यामुळं गाडी भंगारात घालायची हा विषय घरात कधी निघालाच नाही.

इंजिन मात्र थकलं होतं. तेलगावकडून धारूरचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत जायचा. डिपस्टिक काढली की ऑइल दुधाळ दिसायचं, म्हणजे पाणी ऑइलात उतरत होतं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलून पाहिलं तेव्हा दोन सिलिंडरच्या मधून पाण्याच्या वाटेपर्यंत ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यालाच, चीर गेलेली. हेडला चीर असती तर हेड बदलून भागलं असतं. त्यात क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा, आधीच्या कामांत घासून घासून शेवटच्या मापावर आलेला, त्यापुढं घासायला जागाच नाही. लेथवाल्यानं ब्लॉकवर बोट फिरवलं आणि नुसती मान हलवली.

ही चीर कशानं पडली याचं उत्तर पाण्याच्या वाटांमध्येच होतं. आमच्या भागात बेसॉल्टचा खडक, बोअरचं पाणी जड. दुष्काळात तर विचारूच नका. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत माणसांनाच पाणी पुरत नव्हतं, रेडिएटरला कूलंट आणि शुद्ध पाणी कुठून मिळणार? जे बोअरला येईल ते ओतलं जायचं. हेडखालच्या पाण्याच्या भोकांत पांढऱ्या-तांबूस क्षाराचे थर बसले होते. काही भोकांतून खिळाही आत जात नव्हता. पाणी फिरायची वाट अशी बंद झाली की लोखंड एका जागी जास्त तापतं, दुसऱ्या जागी कमी, आणि चीर पडते. ज्यांच्याकडं जुनं डिझेल इंजिन आहे, मग ते जीपचं असो, ट्रॅक्टरचं असो की मळणी यंत्राचं, त्यांनी कूलंटवर होणारा खर्च वाचवू नये, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

कोणतं इंजिन घालायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. बोलेरोचं 2523 सीसीचं घाला, घाट गाणी म्हणत चढेल, असं सांगणारे पुष्कळ भेटले. मला ते पटलं नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की नोंदणी पुस्तकात जे तपशील आहेत त्यांच्याशी फरक पडेल असा बदल मालकानं गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयानंही 2019 च्या जानेवारीत, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही, असाच निकाल दिला. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी गिअरबॉक्स, प्रॉपेलर, ब्रेक हे सगळं जुन्या इंजिनाच्या ताकदीला बेतलेलं. ताकद वाढवली की तिचा भार पुढं कुठंतरी पडणारच. म्हणून त्याच मॉडेलचं, त्याच जातीचं इंजिन शोधलं. ते संभाजीनगरच्या एका व्यापाऱ्याकडं बिलासह मिळालं. आधी आरटीओत लेखी अर्ज दिला, परवानगी हातात आली आणि मगच पान्याला हात लावला. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, तो बदलून घेतल्याशिवाय विम्यालाही अर्थ राहत नाही. आधी काम, कागद नंतर बघू, असं करणाऱ्यांची गाडी पुढं पासिंगला अडते आणि मग इंजिन कुठून आलं हे सिद्ध करत फिरावं लागतं.

काम केजच्या एका मिस्त्रीकडं दिलं. वयानं मोठे, सगळा तालुका त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणतो. गाडी टोचन करून नेली, तर ते पान्यांची पेटी न उघडता म्हणाले, "भाऊ, इंजिन काही पळून चाललं नाही. आधी गाडी धुऊन आणा."

धुण्याचं महत्त्व मला नंतर कळलं. इंजिनावर वर्षानुवर्षांचं ऑइल आणि काळ्या मातीची धूळ मिळून बोटभर जाड थर झालेला असतो. त्याच्याखाली बोल्ट कुठं आहे हेच दिसत नाही, आणि खोलताना तीच माती डिझेलच्या पाइपात, पंपात पडते. अल्टरनेटर आणि पंपावर प्लॅस्टिक बांधून ब्रशनं डिझेल मारलं, पाण्याच्या प्रेशरनं धुतलं आणि गाडी उन्हात वाळू दिली. तेव्हा ब्लॉकवरचा इंजिन नंबर स्वच्छ दिसला. त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतला. आरटीओच्या कागदांसाठी हा ठसा लागतो आणि इंजिन गाडीत असताना, नीट उजेडात तो सोपा निघतो.

मग बॅटरी. आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह, हा क्रम चाचांनी पोऱ्याला दोनदा सांगितला. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि डिझेल सांडलेल्या जागी ठिणगी नकोच. रेडिएटरचा खालचा कॉक उघडला, पाणी घमेल्यात घेतलं. ऑइल दुसऱ्या डब्यात. चाकांना पुढून-मागून दगड लावले, मागची बाजू घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली नाही, गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी ठेवली. इंजिन पुढं सरकवायचं असेल तर गाडी सपाट हवी, हे त्यांचं म्हणणं.

या जीपची एक सोय आहे, जी नवीन गाड्यांत नाही. समोरची जाळी आणि रेडिएटर मिळून एकच तुकडा आहे. दोन्ही मडगार्डला जोडणारे बोल्ट, खालचा रबरावरचा बोल्ट, आणि फायरवॉलपासून जाळीपर्यंत येणाऱ्या दोन सळया सोडल्या, होस पाइप आणि दिव्यांच्या वायरी काढल्या की दोघांनी धरून अख्खं तोंड बाजूला ठेवता येतं. बॉनेट आधीच उतरवलेलं. आता इंजिनाला उंच उचलून वरून काढायची गरज नाही, सरळ पुढं ओढता येतं. जीप घडवणाऱ्यांनी दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा इतका विचार केला होता, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

पान्यांचा घोळ मात्र याच गाडीत आहे. सांगाडा विलीज जीपच्या वंशातला, म्हणून बॉडीचे बरेच बोल्ट इंचाचे. इंजिन प्यूजोचं, म्हणून त्याचे बोल्ट मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसतो, पण सैल बसतो. जोर दिला की बोल्टाचे कोपरे गोल होतात. 9/16 इंच म्हणजे 14.3 च्या जवळपास, तो पाना 14 च्या बोल्टावर तसाच फसवतो. चाचांच्या पेटीत दोन्ही मापांच्या गोट्या, म्हणजे बोल्टावर बसणारे सॉकेट, वेगवेगळ्या कापडात बांधलेल्या होत्या. आमच्या गाडीचे जाळीचे निम्मे बोल्ट आधीच कुणीतरी गोल करून ठेवलेले. ते पक्कडीनं नाही, छिन्नीनं एकेक कड पकडून सोडवावे लागले. हे काम कंटाळवाणं, पण घाई केली असती तर मडगार्डचा पत्रा फाटला असता.

वायरी आणि पाइप खोलताना पोऱ्याला एकच काम होतं. कागदी टेपचे तुकडे फाडून त्यावर पेननं लिहायचं आणि दोन्ही टोकांना चिकटवायचं. स्टार्टरची जाड वायर, सोलेनॉइडची बारीक, अल्टरनेटरच्या, हीटर प्लगची, ऑइल प्रेशरची, टेम्परेचरची. मी प्रत्येक जोड सुटायच्या आधी मोबाइलवर फोटो काढत होतो. टेप ऑइलनं सुटू शकते, फोटो सुटत नाही. बोल्टांसाठी चाचांची पद्धत वेगळी. पिशव्या वगैरे नाहीत, बोल्ट निघाला की पार्ट बाजूला करून तोच बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून परत लावायचा. कोणता लांब, कोणता आखूड, हा प्रश्नच उरत नाही. जिथं तसं जमत नव्हतं तिथले बोल्ट पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून त्यात टोचून ठेवले.

डिझेलच्या दोन लाइनी असतात हे विसरू नये. एक टाकीकडून पंपाला येते, दुसरी नोझलचं उरलेलं डिझेल परत टाकीकडं नेते. दोन्हींची तोंडं बोल्ट घालून बंद केली, पंपाच्या आणि नोझलच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधून टेप मारली. डिझेल पंपाच्या आतल्या फटी इतक्या बारीक की मातीचा कण आत गेला तर पंपाचं काम निघतं, आणि पंपाचं काम म्हणजे मोठा खर्च. ब्रेकच्या बूस्टरकडं जाणारा व्हॅक्यूमचा पाइप, ॲक्सिलरेटरची दांडी, एअर क्लीनर हे पटापट निघालं. एअर क्लीनर ऑइलवाला आहे, त्याची वाटी आधी उतरवली, नाहीतर तिरपा झाला की सगळं ऑइल अंगावर.

खरा त्रास सायलेन्सरच्या जोडाजवळ झाला. मॅनिफोल्डच्या खाली जिथं सायलेन्सरचा पाइप जोडलेला असतो, तिथले स्टड तापून-गार होऊन, गंजून नटाशी एकजीव झाले होते. आदल्या संध्याकाळी त्यावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी चाचांनी पाना लावला आणि नट सोडायच्या दिशेनं नाही, आधी कसायच्या दिशेनं अगदी थोडा हलवला. कर्रर्र असा आवाज आला, गंजाची पूड पडली. मग उलटा, मग पुन्हा सुलटा, प्रत्येक वेळी थोडा थोडा जास्त. दोन नट असे निघाले. तिसरा दाद देईना. त्याला गॅसनं तापवायचं ठरलं, पण त्याआधी डिझेलच्या लाइनी, सांडलेलं ऑइल, फडकी सगळं दूर केलं, ओलं पोतं आणि पाण्याची बादली शेजारी ठेवली. नट लालसर झाला की आतला स्टड गार असताना तो सैल होतो, त्या क्षणीच फिरवायचा. फिरला. आम्ही सगळे तेवढा वेळ श्वास रोखून उभे होतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे बोल्ट हा पुढचा टप्पा. खालचे गाडीखाली झोपून निघतात. वरचे समोरून दिसतही नाहीत. त्यासाठी गाडीच्या आतलं गिअर लिव्हरभोवतीचं जमिनीचं झाकण उचकटलं, रबर काढलं, आणि तिथून लांब टॉमीला (दांड्याला) गोटी लावून ते सोडवले. बऱ्याच ठिकाणी मिस्त्री हे झाकण काढायचा कंटाळा करतात आणि गिअरबॉक्ससकट इंजिन काढतात. तसंही होतं, पण फोर-बाय-फोरच्या जीपमध्ये मागं ट्रान्सफर केस, दोन प्रॉपेलर, लिव्हर, सगळंच उतरवावं लागतं. आमचा गिअरबॉक्स चांगला होता, त्याला हात लावायचा नव्हता. म्हणून इंजिन सुटायच्या आधी गिअरबॉक्सच्या खाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला. हा जॅक नसेल तर इंजिन निघाल्यावर गिअरबॉक्सचं तोंड खाली झुकतं आणि मागच्या फाउंडेशनवर, म्हणजे चेसिसवर टेकणाऱ्या रबरी बैठकीवर, सगळा ताण येतो.

इथं चाचांनी पान्याऐवजी मोजायची टेप हातात घेतली. पंख्यापासून रेडिएटरच्या जागेपर्यंत किती अंतर, ऑइल चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) पुढच्या एक्सलच्या डिफरेन्शियलपासून (मधल्या गोळ्यापासून) किती वर, क्रँक पुलीचा मध्य चेसिसच्या पट्टीपासून किती, हे सगळं एका वहीत लिहिलं. उजव्या आणि डाव्या फाउंडेशनच्या रबराखाली काय आहे ते टॉर्च मारून पाहिलं. डाव्या बाजूला रबराखाली पत्र्याच्या दोन पातळ शिमा निघाल्या, उजवीकडं एकही नाही. कुणी, कधी घातल्या कुणास ठाऊक, पण कुठल्या तरी जाणत्या मिस्त्रीनं इंजिन सरळ बसावं म्हणून घातलेल्या. "बघा, हे लिहून ठेवा," चाचा म्हणाले, "इंजिन एकदा निघालं की हे विचारायला कोण राहत नाही." मला वाटतं अख्ख्या कामातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं.

उचलायची वेळ आली. हेड आधी तपासणीसाठी खोललेलं, ते परत बसवून बोल्ट कसले होते, कारण उचलायचे हुक हेडलाच आहेत. मॅनिफोल्डला किंवा टॅपेट कव्हरच्या बोल्टांना साखळी बांधणारेही पाहिलेत, ते धोक्याचं आहे. स्टार्टर, अल्टरनेटर, पंखा काढून वजन कमी केलं, तरी उरलेलं इंजिन दोन क्विंटलच्या आसपास असणार. गॅरेजच्या समोर मोठा लिंब आहे आणि पोऱ्यानं विचारलं, फांदीला कप्पी लावायची का. चाचांनी साफ नाही म्हटलं. फांदी वजनाखाली लवते, आणि आपल्याला तर सुतासुताचा हिशोब ठेवायचाय. जाड पाइपाची तिपाई उभी केली, पायांना साखळीनं एकमेकांशी बांधलं म्हणजे ते फाकणार नाहीत, आणि वर एक टनाची चेन कप्पी. दोन हुकांच्या साखळ्या अशा घेतल्या की इंजिन गिअरबॉक्सच्या रेषेतच, सपाट लटकेल.

साखळी फक्त ताणली. इंजिनाचं वजन फाउंडेशनवरून थोडं उचललं गेलं, तेव्हा फाउंडेशनचे बोल्ट हातानं निघाले. आता इंजिन पुढं यायला हवं होतं. आलं नाही. मी आणि पोऱ्या पुढून हलवायला लागलो, तर चाचांनी हात वर केला.

"उगं ओढू नका. कायतरी धरायलंय अजून."

ते गाडीखाली गेले, मी वरून टॉर्च धरला. बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्यामध्ये फट पडली होती, पण एकसारखी नाही. त्यांनी हातकरवतीचं पातं फटीत घातलं. उजवीकडं दोन पाती जोडून जात होती, डावीकडं एकही नाही. डाव्या बाजूचा डॉवेल, म्हणजे दोन्ही तोंडं एका रेषेत धरणारी पिन, गंजून भोकात अडकली होती. अशा वेळी लोक पहार किंवा स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटतात. त्यानं तासलेल्या सपाट तोंडावर खाच पडते, आणि मग नवीन इंजिन तिथं कधीच सपाट बसत नाही. चाचांनी पेटीतून बाभळीच्या लाकडाच्या दोन पाचरी काढल्या. सुताराकडून तासून घेतलेल्या, वापरून काळ्या पडलेल्या. डॉवेलवर तेल, दोन्ही बाजूंनी पाचर, लाकडी हातोड्यानं हलके ठोके. एक ठोका डावीकडं, मग जॅकचा दांडा अर्धा फेरा, मग कप्पीची साखळी एक कडी वर, पुन्हा ठोका. प्रत्येक वेळी पातं घालून फट बघायची. फट चारी बाजूंनी सारखी होईपर्यंत हे चाललं.

या सगळ्याचं कारण क्लच शाफ्ट. गिअरबॉक्समधून निघालेला तो दातेरी दांडा क्लच प्लेटच्या आरपार जाऊन फ्लायव्हीलच्या मधल्या बेअरिंगमध्ये टेकलेला असतो. दोन क्विंटल वजन त्या दांड्यावर लटकलं तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो, नाहीतर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग दुखावतं. गाडी नंतर चालते, पण क्लच सोडताना थरथरते आणि मग दोष नव्या इंजिनाला दिला जातो. म्हणून दांडा पूर्ण बाहेर येईपर्यंत इंजिन म्यानातून तलवार उपसावी तसं सरळच यायला हवं, वर-खाली जराही नाही.

फट बोटभर झाली, मग मूठभर. आणि पुन्हा थांबलं. या वेळी चाचा शोधायला गेलेच नाहीत, पोऱ्याला नुसतं म्हणाले, "अर्थिंग बघ." इंजिन आणि चेसिसला जोडणारी तांब्याच्या विणीची पट्टी उजव्या फाउंडेशनच्या मागं, धुऊनही न निघालेल्या चिकट मातीत दडलेली होती. एका 13 च्या बोल्टावर सगळं अडलेलं. ती सुटली आणि इंजिन मोकळं झालं. क्लच शाफ्टचं टोक बाहेर आल्याची चाचांनी बोट घालून खात्री केली, मगच पुढची साखळी आखडून इंजिनाचं तोंड वर घेतलं, ऑइल चेंबर चेसिसच्या आडव्या पट्टीवरून निघालं, आणि आम्ही तिघांनी मिळून जीपच मागं ढकलली. इंजिन तिपाईखाली जागच्या जागी राहिलं. लटकत्या इंजिनाखाली कुणाचाही हात किंवा पाय जाऊ द्यायचा नाही, हा नियम तोवर इतक्या वेळा ऐकला होता की पोऱ्याही मला ओरडून बाजूला करत होता. खाली टाकलेल्या जुन्या टायरवर इंजिन टेकवलं.

मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्यांदाच नीट पाहता आलं. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट सैल होते, ते एरवी दिसलेच नसते. डाव्या चेसिसवर फाउंडेशनच्या ब्रॅकेटजवळ गंजाची खपली, ती घासून रंग मारला. क्लच फोर्कची टोकं झिजलेली. रिलीज बेअरिंग हातात फिरवलं तर खरखर. इंजिन परत बसल्यावर या गोष्टींसाठी पुन्हा सगळं उतरवायचं म्हणजे दुप्पट मजुरी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग हे सगळं याच वेळी नवं घालायचं ठरवलं. बजेट वाढलं, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी ठेवली आणि एकेक गोष्ट ताडून पाहिली. जात एकच, तरी फरक निघाले. आणलेल्या इंजिनाबरोबर व्हॅक्यूम पंप नव्हता, तो जुन्याचा घेतला. डाव्या फाउंडेशनच्या ब्रॅकेटची भोकं थोडी वेगळ्या जागी होती, म्हणून जुनेच ब्रॅकेट उतरवून नव्याला लावले. स्टार्टर जुना चांगला होता, फ्लायव्हीलच्या दातांना तो बरोबर बसतो का हे हातानं फिरवून पाहिलं. पाण्याच्या बाजूची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या बिल्ल्या नवीन इंजिनाच्याही गंजलेल्या, त्या बदलल्या. बाहेर असताना हे दहा मिनिटांचं काम, आत गेल्यावर हात पोचत नाही. आण्णा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एकच विचारलं, पाणी कोणतं घालणार. रेडिएटर गॅरेजवाल्याकडं उकळून साफ करायला गेलाच होता. कूलंटचा कॅन मी आणून ठेवला होता, तो दाखवला.

नवं इंजिन बसवलं तेव्हा वही समोर उघडी होती. रबर नवे, ब्रॅकेट जुने, डाव्या बाजूला त्याच दोन शिमा, उजवीकडं काही नाही. चेंबर आणि डिफरेन्शियलमधलं अंतर टेप लावून पाहिलं, वहीतल्या आकड्याशी जुळलं. डॉवेल घासून, तेल लावून ठेवले होते. इंजिन मागं सरकलं, क्लच शाफ्ट प्लेटमध्ये शिरला, आणि बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट पोऱ्यानं गाडीत बसून, पाना न लावता, बोटांनीच शेवटपर्यंत फिरवले.